बारदान

बकरी ईदनंतरच्या आठवड्यात आम्ही शेळगावला मामूंकडे गेलो होतो. बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावे मागे पडतात आणि निमगाव केतकीच्या अलीकडे शेळगाव लागते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कांद्याच्या ऐरणी. मामूंच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा नाकाला जो वास आला तो चाळीस वर्षांपूर्वीचाच. गोणपाटाचा वास! थोडा गवताचा, थोडा रॉकेलसारखा. लहानपणी सुटीत याच अंगणात पोत्यांच्या थप्प्यांवर आम्ही लपाछपी खेळलो आणि याच थप्प्यांवरून पडून मार खाल्ला.

मामूंचा धंदा बारदानाचा. वाचकांपैकी शहरातल्या मुलांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. बारदान म्हणजे माल भरायचे रिकामे पोते. 'बार' म्हणजे ओझे आणि 'दान' म्हणजे ठेवायचे भांडे, जसे अत्तरदान, पानदान. फारसीतला हा शब्द मराठी बाजारपेठेत इतका मुरला आहे की आडतीवरचा कोणताही शेतकरी तो रोज वापरतो. दुसरीकडे आपल्या 'गोणी'ला इंग्रजांनी उचलले आणि तिची 'गनी' केली. शब्दही पोत्यांसारखेच, एकाकडून दुसऱ्याकडे रिकामे होऊन फिरत राहतात.

मामू किराणा दुकानदारांकडून आणि बेकरीवाल्यांकडून रिकामी पोती विकत घेत. अंगणात ती झटकून, उन्हात घालून, वेगळी लावत. साखरेचे पोते सगळ्यांत साफ, त्याला भाव जास्त. मिठाचे पोते ओल धरते म्हणून खालच्या दर्जाचे. मिरचीचे पोते गव्हाला चालत नाही. फाटकी पोती मामी आणि शेजारच्या बायका दाभण-सुतळीने सांधत आणि कांद्याच्या हंगामात ती शेतकऱ्यांकडे जात. एक पोते चार-पाच मालकांच्या घरी नांदून शेवटी पायपुसणे व्हायचे, नाहीतर पावसात एखाद्या मजुराच्या डोक्यावरची खोळ. या एका धंद्यावर मामूंनी तीन मुलींची लग्ने केली.

आता अंगणात थप्पी नाही. कांदा प्लास्टिकच्या जाळीदार पिशवीत जातो, सिमेंट, खत आणि पेंड प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यात. साखरही बहुतेक त्यातच. केंद्र सरकारचा १९८७ चा एक कायदा आहे, ठरावीक माल तागाच्याच पोत्यात भरावा असे सांगणारा. पूर्वी साखर सगळी तागात भरावी लागे. हे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरत २० टक्क्यांवर आले. धान्याला मात्र अजूनही तागच. कारखानदार म्हणतात, तागाचे पोते महाग आणि त्याचे तंतू साखरेत उतरतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मामूंची बाजूही ऐकावी. "बेटा, हमालाला विचार," ते म्हणाले. "तागाच्या पोत्याला आकडा मारला तर भोक परत मिटतं. प्लास्टिकला मारला की फाटतच जातं. आणि थप्पी! तागावर ताग बसतं. प्लास्टिक घसरतं."

शेळगावातल्या कुणालाही 'ताग' म्हणा, तो वेगळेच पीक दाखवील. आपल्याकडे उसाआधी जमिनीला कस यावा म्हणून पेरतात आणि फुलावर आले की दीड महिन्यात नांगरून गाडतात, तो पिवळ्या फुलांचा ताग. त्याच्या सालीपासूनही दोर निघतो, पण पोत्यांचा ताग तो नव्हे. पोत्यांचा ताग बंगालचा. त्याला भरपूर पाऊस, दमट उष्ण हवा आणि नंतर कापलेल्या पेंढ्या दोन-तीन आठवडे बुडवून कुजवायला साचलेले पाणी लागते. इंदापूर तालुक्यात प्यायच्या पाण्याचे टँकर लागलेली वर्षे आम्ही पाहिली आहेत; इथे कुजवायला पाणी कुठले? आपल्या बाजूला दावी, कासरे, वेसणी झाल्या त्या अंबाडीच्या आणि केकताडाच्या, आणि त्या वळल्या मातंग समाजातल्या कारागिरांनी. अंबाडीची आंबट भाजी आपण खातो. बंगालच्या तागाचीही कोवळी पाने खातात, आणि आखातात नोकरी करून आलेल्यांनी 'मुलुखिया' म्हणून जी पातळ भाजी खाल्ली असेल, ती याच तागाच्या एका जातीची पाने. आमचे एक साडू पंधरा वर्षे ती खाऊन आले. हे पोत्याचे झाड आहे असे सांगितल्यावर आमच्याकडे पाहतच राहिले.

या पोत्यामागे केवढा इतिहास आहे! एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले डंडी हे गाव बंगालच्या तागावर श्रीमंत झाले. ताग राठ, सहज कातला जात नाही. डंडीत देवमाशाचे तेल मुबलक होते, ते लावून त्यांनी तो मऊ केला. क्रिमियाच्या युद्धात रशियाचे जवसाचे धागे येईनासे झाले आणि तागाची चलती झाली. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे आपल्या देशातली पहिली ताग गिरणी निघाली. पहिल्या महायुद्धात खंदकांवर रचलेल्या वाळूच्या पोत्यांनी या गिरण्यांची भरभराट केली. मालक बहुतेक स्कॉटिश. त्यांच्यात शिरलेल्या मोजक्या हिंदी माणसांत काठियावाडच्या जेतपूरचे एक मेमन व्यापारी होते, सर आदमजी हाजी दाऊद. ब्रह्मदेशात व्यापार करून त्यांनी कलकत्त्याला ताग गिरणी काढली.

मग १९४७ आले. उत्तम ताग पिकवणारे बहुतेक जिल्हे सरहद्दीपलीकडे आणि गिरण्या झाडून सगळ्या अलीकडे. शेत एका देशात, माग दुसऱ्या देशात. आदमजी घराण्याने ढाक्याजवळ नारायणगंजला नवी गिरणी उभारली. ती १९५१ मध्ये सुरू झाली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या ताग गिरण्यांत गणली गेली. बांगलादेश झाल्यावर ती सरकारकडे गेली आणि तोट्यात रुतून २००२ च्या जूनअखेर बंद पडली. हजारो कामगार एका दिवसात घरी बसले. आपल्याकडे हुगळीकाठच्या गिरण्या अजून धडधडतात. सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबे आणि पावणेचार लाखांच्या आसपास गिरणी कामगार या धंद्यावर आहेत असे सरकार सांगते. पण त्या चालतात त्या मुख्यतः धान्याच्या सरकारी पोत्यांवर. पन्नास किलोचे ते पोते, वजन ५८० ग्रॅम.

वजनावरून आठवले. तागाचे सूत हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळ्यात पोते जड होते. आडतीवर कांद्याचे वजन करताना बारदान वजा करतात. किती वजा करायचे, यावर मामूंनी अनेक भांडणे पाहिली. पोते अर्ध्या किलोचे आणि वजावट किलोची, असा हिशोब करणारेही भेटत. मामू शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण मापात मारणाऱ्यांवर कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, 'अल्-मुतफ्फिफीन', हे त्यांना ठाऊक होते आणि आडतीवर उभे राहून ते तिची आठवण करून देत. काही व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले ते त्यामुळेच.

आता घरात ताग परत आला आहे, पण वेगळ्या रूपाने. मामूंची सून, आमच्या भाभी, आणि गल्लीतल्या पाच जणी तागाच्या पिशव्या शिवतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा गावोगावच्या बचत गटांना कापडी आणि तागाच्या पिशव्यांचे प्रशिक्षण मिळाले, तसे यांनाही मिळाले. कापड कोलकात्याहून येते, गठ्ठ्याने, आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेले. (आम्ही विचारले, मग हा शुद्ध ताग कसा? भाभी म्हणाल्या, थर नसेल तर पिशवी उभी राहत नाही आणि गिऱ्हाईक घेत नाही. उत्तर प्रामाणिक होते.) मामूंना आधी हे पटले नव्हते. पोते म्हणजे भरायची वस्तू, ते बायकांनी खांद्याला लावून लग्नाला कसे जायचे! उर्दूत मखमलीला टाटाचे ठिगळ म्हणून हिणवतात. इथे टाटालाच मखमलीची पट्टी लावलेली.

आम्ही गेलो तेव्हा भाभींच्या खोलीत ३०० पिशव्यांपैकी १८० तयार होत्या आणि घरात शांतता होती. शहरातल्या एका दुकानदाराने नमुना पाहून ११० रुपये भाव ठरवला होता, तोंडी. माल निम्म्याहून जास्त झाल्यावर त्याचा फोन आला, ८५ ला देत असाल तर पाठवा.

भाभींनी वही पुढे केली. एका पिशवीला कापड ४६, पट्टा, चेन आणि दोरा १७, छपाई ८, वाहतूक आणि वीज ६. झाले ७७. भाव ११० मिळाला तर शिवणारीला ३३ उरतात. दिवसाला दहा पिशव्या होतात, म्हणजे ३३० रुपये. कांद्याच्या लागणीला गेल्याइतकी मजुरी, ती घरात बसून, मुलांकडे पाहत. भाव ८५ झाला तर उरतात ८. दहा पिशव्यांचे ८० रुपये. दिवसभर मान मोडून.

कापड स्वस्त मिळेल का, असे आम्ही शहाणपणाने विचारले. भाभी हसल्या. कापड उलट चढलेच आहे. २७ जून २०२५ रोजी केंद्राने बांगलादेशातून येणारा कच्चा ताग, सूत आणि तागाचे काही कापड जमिनीवरच्या सर्व नाक्यांवरून बंद केले. यायचे असेल तर फक्त आपल्या न्हावा शेवा बंदरातून. ऑगस्टमध्ये पोती आणि सुतळीही त्या यादीत गेली. २०२५-२६ साठी कच्च्या तागाचा हमीभाव ५,६५० रुपये क्विंटल होता, बाजार त्याच्या बराच वर गेला. बंगालच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले असतील तर आनंदच आहे. पण कोलकात्याच्या भावाचा धक्का शेळगावच्या शिलाई मशीनला बसतो, हे आम्हाला त्या वहीवरूनच कळले.

यात आमचाही दोष आहे, तो सांगितला पाहिजे. गेल्या वर्षी भाचीच्या निकाहात पाहुण्यांना द्यायला आम्ही 'ज्यूटच्या' म्हणून ४० रुपयांच्या पिशव्या घेतल्या. स्वस्त मिळाल्या म्हणून खूश होतो. भाभींनी त्यातली एक पाहिली, कडेचा धागा ओढला आणि काडी लावली. धागा वितळून काळा मणी झाला. ताग असता तर कागदासारखा जळून राख झाली असती. कापडासारख्या दिसणाऱ्या त्या पिशव्या निव्वळ प्लास्टिकच्या होत्या, वर तागाच्या रंगाची छपाई. घेण्याआधी एक धागा जाळून पाहायला दुकानदार हरकत घेत असेल तर काय ते समजावे. खरी तागाची पिशवी असेल तर ती भिजत घालू नये; ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी, उन्हात ती पिवळी पडते. आणि धान्य साठवायला साधे गोणपाट वापरू नये. गिरणीत ताग मऊ करायला खनिज तेल लावतात, तोच तो रॉकेलसारखा वास, आणि तो पिठात उतरतो. खाद्यपदार्थांसाठी वनस्पती तेल वापरलेली पोती वेगळी मिळतात.

रात्री जेवणानंतर सहाही जणी अंगणात बसल्या. एक म्हणाली, देऊन टाकू ८५ ला, पैसे तरी मोकळे होतील. दुसरी म्हणाली, एकदा ८५ ला दिले की पुढे ११० कोण देणार? मामू खाटेवर पडून ऐकत होते. बराच वेळाने उठून बसले आणि म्हणाले, "मी पोती विकली, पण उधारीवर तोंडी भाव कधी केला नाही. चिठ्ठी घ्यायचो. तुम्ही चिठ्ठी का नाही घेतली?" कुणाकडे उत्तर नव्हते. भाभींची मान खाली गेली. आम्हाला वाटले, मामूंनी आत्ता हे बोलायला नको होते. पण ते पुढे म्हणाले, "झालं ते झालं. आता छाप नसलेल्या किती आहेत?"

त्या ११० निघाल्या. दुकानाचे नाव छापायचे राहिलेल्या. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे जाताना शेळगाव फाट्यावरून जाते आणि त्या दिवशी रस्त्यावर माणूस मावत नाही. दरवर्षी मोहल्ल्यातली पोरे तिथे पाणी आणि चहा देतात. यंदा त्यांच्या शेजारी एक टेबल लावायचे ठरले. वारकऱ्याला चेन-मखमल नको, खांद्याला अडकवता येईल अशी साधी पिशवी हवी, म्हणून त्यातल्या ६० उसवून लहान पट्ट्याच्या करायच्या. छापलेल्या ७० साठी दुकानदाराला निरोप गेला: १०० रुपये, अर्धे पैसे आधी आणि भाव कागदावर. निरोप आम्हीच लिहून दिला, भाभींनी त्यात दोन शब्द बदलले.

हे लिहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही. उसवायच्या कामाला मामू बसले आहेत असे फोनवर कळले. दाभण त्यांच्याकडे जुनेच होते.