प्रेक्षक घडवावा लागतो

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका खटकली की आपल्या समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग निवेदने देतो, मोर्चे काढतो आणि बंदीची मागणी करतो. दुसरा वर्ग 'आता काळच असा आला आहे' असे म्हणत मुलांच्या हाती पडदा सोपवून मोकळा होतो. या दोन्ही वर्गांचे एका बाबतीत नकळत एकमत असते. पडदा जे देईल ते मूल निमूटपणे घेते, त्याला स्वतःची विचारशक्ती नाही, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतकच तपासण्याची वेळ आली आहे. त्यासाठी ब्रिटनमधील एका शालेय प्रयोगाचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी विद्यार्थी जी सार्वत्रिक परीक्षा देतात, तिच्यात 'माध्यम-अभ्यास' हा ऐच्छिक विषय आहे. तेथील 'एक्यूए' या परीक्षा मंडळाने २०१७ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात दोन विज्ञानकथा मालिकांचा प्रत्येकी एक भाग अभ्यासासाठी नेमला होता. पहिला भाग बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचा. तो २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. दुसरा भाग त्याच मालिकेच्या 'क्लास' या शाखेचा. पॅट्रिक नेस यांनी लिहिलेली ही किशोरवयीनांसाठीची मालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये बीबीसी थ्रीवर इंटरनेटद्वारे दाखवली गेली आणि आठ भागांनंतर बंद पडली. दोन्ही भागांना जोडणारा दुवा म्हणजे लंडनमधील 'कोल हिल' ही काल्पनिक शाळा.

'क्लास'चे कथानक थोडक्यात असे. अवकाश आणि काळ यांच्या पडद्याला या शाळेत चीर पडली आहे. तेथून येणाऱ्या संकटांशी काही विद्यार्थी आणि एक शिक्षिका झुंजतात. त्यांत परग्रहावरून आलेला राजपुत्र चार्ली आहे, एप्रिल नावाची शांत स्वभावाची मुलगी आहे आणि राम सिंग हा शीख कुटुंबातील मुलगाही आहे. परीक्षेला नेमलेल्या चौथ्या भागात एप्रिलच्या हृदयाचा अर्धा वाटा परग्रहावरील एका क्रूर राजाकडे आहे. त्याच वेळी तिचे वडील तुरुंगातून सुटून दारात उभे राहतात. पूर्वी त्यांनी कुटुंबासह मोटार आदळवून सर्वांचा अंत करू पाहिला होता आणि त्यात एप्रिलची आई अपंग झाली होती. शहरात रक्तावर वाढणाऱ्या फुलांच्या पाकळ्या पसरत असतात, त्या वेगळ्याच.

अशा भागावर सोळा वर्षांच्या मुलांना काय विचारले जाते? फ्रेंच-बल्गेरियन समीक्षक तोदोरोव यांच्या मते कथा समतोलाकडून असमतोलाकडे आणि पुन्हा नव्या समतोलाकडे जाते. मग हा भाग समतोलावर का संपत नाही? रशियन अभ्यासक प्रॉप यांनी १९२८ मध्ये लोककथांतील पात्रांची कार्ये मांडली. त्यांनुसार येथील खलनायक कोण, परग्रहावरचा राजा की जन्मदाता बाप? लेव्ही-स्ट्रॉस यांच्या द्वंद्वविचाराप्रमाणे आपला आणि परका, क्षमा आणि सूड यांची मांडणी कशी झाली आहे? एका मुलीचे अर्धे हृदय आपले आणि अर्धे शत्रूचे, ही कल्पना त्या द्वंद्वाचेच मूर्त रूप आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे असते.

याच मालिकेत स्टुअर्ट हॉल यांचा सिद्धान्तही येतो. जमैकात जन्मलेले हॉल डाव्या विचारांचे. त्यामुळे त्यांचे नाव ऐकताच आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. तथापि १९७३ मध्ये त्यांनी मांडलेला विचार समजून घेण्याजोगा आहे. निर्माता कृतीत एक अर्थ भरतो, पण प्रेक्षक तो जसाच्या तसा स्वीकारतो, अंशतः स्वीकारतो किंवा पूर्णतः नाकारतो. याचा पडताळा आपल्याच इतिहासात आहे. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. सरकारी वाहिनीसाठी ती एक रविवार-मालिका होती. कोट्यवधी घरांनी स्नान करून, दूरचित्रवाणी संचाला हार घालून तिला पारायणाचे रूप दिले. तो अर्थ प्रेक्षकाने घडवला होता. ज्या समाजाने हे करून दाखवले, त्या समाजाच्या मुलांना रिकामे भांडे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्नही असाच बोलका आहे. १९६३ च्या भागातील चारही प्रमुख पात्रे गोरी आहेत. भारताशी नाते आहे ते पडद्यामागे: त्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनऊचा. २०१६ मध्ये भारतीय वंशाचा राम सिंग पडद्यावर येतो. 'क्लास'मधील बहुतेक मुलांच्या मागे मोडलेले घर आहे. चार्लीचे आप्त मारले गेले आहेत, तान्याचे वडील हयात नाहीत, मातेउशला आईवडिलांनी घराबाहेर काढले आहे. राम मात्र आपल्यावरील भयंकर प्रसंग अखेर वडिलांना सांगतो आणि वडील त्याला जवळ करतात. संकटात वडिलांकडे जाता येणारे घर लेखकाला या घरातच दिसावे, हे लक्षणीय आहे. त्यात भारतीय कुटुंबाविषयीचा आदर किती आणि ठरावीक साच्यातील प्रतिमा किती, हा प्रश्न आपल्याकडील विद्यार्थ्यालाही विचारता येईल.

येथपर्यंतची सर्व साधने पाश्चात्त्य आहेत. प्रेक्षकाचा विचार आपल्या परंपरेने मात्र फार पूर्वी आणि अधिक खोलवर केला आहे. भरतमुनींच्या रससूत्रापासून भट्टनायकाच्या साधारणीकरणापर्यंत सारी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: दुसऱ्याचे दुःख रंगमंचावर पाहताना प्रेक्षकाच्या मनात नेमके काय घडते? सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतील पहिले विघ्न म्हणजे असंभाव्यता. जे घडू शकेल असे वाटतच नाही, त्यात मन रमत नाही. यावर त्यांनी उपायही दिला आहे. अलौकिक घटना दाखवायच्या तर रामासारखा लोकमानसात रुजलेला प्रख्यात नायक घ्यावा, म्हणजे श्रद्धेच्या बळावर अविश्वास दूर होतो.

हा निकष 'क्लास'ला लावून पाहावा. नव्या मालिकेने पन्नासहून अधिक वर्षांची ओळख असलेली शाळा निवडली आणि पहिल्याच भागात 'डॉक्टर'ला आणले. परग्रह, चिरा, छायासेना हे सारे प्रेक्षकाने मानावे म्हणून प्रख्याताचा आधार घेतला. पाश्चात्त्य माध्यमशास्त्र याला जुन्या नाममुद्रेचा व्यापारी लाभ म्हणेल, आणि ते चूकही नाही. परंतु प्रेक्षकाच्या मनात हा आधार कसा काम करतो, याचे उत्तर अभिनवगुप्तांकडे अधिक नेमके मिळते. दुसरे एक विघ्न म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे. ज्या किशोराच्या घरात खरोखर कलह आहे, त्याला एप्रिलच्या वडिलांचा प्रसंग रसास्वाद देईल की जखम उघडी करील, हे पालकाला यावरून ओळखता येते.

हे ज्ञान संस्कृतात बंदिस्त राहिले, अशी सबबही मराठी माणसाला सांगता येणार नाही. र. पं. कंगले यांनी 'रसभावविचार' या ग्रंथात नाट्यशास्त्राचे सहावे आणि सातवे अध्याय अभिनवभारती टीकेसह मराठीत आणले आहेत. ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' आहे. उणीव आहे ती हे ग्रंथ आजच्या पडद्यासमोर उघडण्याची. प्राचीन ज्ञानपरंपरेचा गौरव करणारी भाषणे पुष्कळ होतात. त्या परंपरेचा एक निकष एका मालिकेला लावून दाखवण्याचे काम क्वचितच होते. जो वारसा वापरला जात नाही, त्याचा अभिमान पोकळ ठरतो.

बंदीच्या मागणीला कधीच स्थान नाही, असे नव्हे. श्रद्धास्थानांची हेतुपुरस्सर विटंबना होत असेल तर विधिसंमत मार्गाने विरोध करणे हे कर्तव्यच आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर जगभरातील मालिका रात्रीच्या एकांतात पोहोचत असताना निवेदने कुठवर पुरणार? तेथे मुलासोबत असणार ती त्याची विवेकबुद्धी, आणि ती घरातच घडवावी लागते. आठवड्यातून एक संध्याकाळ कुटुंबाने एकत्र बसून एखाद्या मालिकेचा एक भाग पाहावा आणि नंतर चार प्रश्नांवर बोलावे. हे कोणी व कशासाठी बनवले? यात कोण दाखवले आणि कोण वगळले? कोणता रस निर्माण झाला आणि कशाने तो मोडला? यातील कोणता विचार आपल्याला पटला नाही, आणि का? संस्कारवर्ग आणि बालशाखांतही असा उपक्रम सहज घेता येईल. त्यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. मात्र मोठ्यांना मुलांची उत्तरे, प्रसंगी आपल्या मताविरुद्ध जाणारीही, धीराने ऐकून घ्यावी लागतील.