कौतिकचे कौतुक पुरे!

गेल्या उन्हाळ्यात अकोल्यास एका छोट्या साहित्यिक बैठकीत कै. उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीचा विषय निघाला. एका विद्वान गृहस्थांनी ती 'वऱ्हाडी बोलीतील उत्तम प्रादेशिक कादंबरी' असल्याचे सांगितले; दुसऱ्यांनी ती 'दारिद्र्याची करुण कहाणी' ठरविली; तिसऱ्यांनी तर नायिका कौतिक हिला सोशिक स्त्रीचा आदर्श म्हणून हात जोडले. टाळ्या झाल्या, चहा झाला, मंडळी घरोघर गेली. आम्हीही रात्री अमरावतीस परतलो. पण त्या तीन अभिप्रायांची बोच अद्याप गेलेली नाही. तिन्ही स्तुतिपर आहेत, आणि आमच्या मते तिन्ही कौतिकला पुन्हा एकदा एकटी टाकणारे आहेत.

प्रथम 'प्रादेशिक' या शब्दाचा समाचार घेऊ. आम्ही आजवर महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. हार्डीची 'टेस' ही १८९१ सालची कादंबरी. डॉर्सेट परगण्याच्या मातीतून त्याने आपला वेसेक्स उभा केला आणि तेथील कष्टकऱ्यांच्या तोंडी तेथलीच बोली घातली. तथापि हार्डीस प्रादेशिक म्हणून कोपऱ्यात बसवावे, असे आमच्या वर्गात कोणाच्या मनातही आले नाही. टेसचे दुःख अखिल मानवजातीचे आणि १९६० साली अवतरलेल्या कौतिकचे दुःख मात्र एकट्या वऱ्हाडाचे, हा न्याय कोठला? तिची माणसे वऱ्हाडी बोलतात ती वाचकांची करमणूक व्हावी म्हणून नव्हे. रडायला आणि भांडायला त्यांना दुसरी भाषा नाही म्हणून.

आता दारिद्र्य. ते आहेच. नवरा महादेव शिंपीकाम जाणतो, पण कामाचा त्याला कंटाळा; पुढे तो महारोगाने ग्रासला जातो, आणि संसाराचा गाडा कौतिकच्या मोलमजुरीवर चालतो. परंतु केवळ दारिद्र्य हेच या दुःखाचे मूळ असते, तर पायलीभर ज्वारी अधिक मिळताच ते हलके झाले असते. मुलांनी शिकावे, घराने मान वर करून जगावे, हे कौतिकचे स्वप्न. आणि त्या स्वप्नाला घरात दुसरा वाटेकरी नाही, ही तिची शोकांतिका. ती दिवसभर माणसांतच असते, बोलते, भांडते, राबते. पण आपल्या मनातले ज्याला सांगावे आणि ज्याला ते उमजावे, असे माणूस तिच्यापाशी नाही. थोरला भीमा हाताबाहेर जातो, नवऱ्याचा आधार केव्हाच सुटलेला असतो. टेसला निदान अखेरच्या चार दिवसांत तिला ओळखणारा सहचर लाभतो. कौतिकच्या कपाळी तेवढेही नाही.

तिसरा अभिप्राय सर्वांत घातक होय. कौतिक सोशिक नाही, ती झुंजार आहे. आणि तिचा कणखरपणाच तिला एकाकी करतो. जो ओझे उचलतो त्याच्याच डोक्यावर आणखी ओझे ठेवावे, ही आपली जुनी रीत. 'तिला जमते' असे एकदा म्हटले, की तिच्या शेजारी उभे राहण्याची जबाबदारी संपली! कौतिक हे कौतुकाचेच वऱ्हाडी रूप. नाव असे, आणि हयातीत कोणी कौतुकाने विचारपूस केली नाही. आता मेल्यावर आपण हात जोडतो. जाळ दुरूनही दिसतो, धग मात्र जवळ बसणाऱ्यासच कळते.

येथे कोणी म्हणेल, तिचे स्वप्न फळले असते तर एकाकीपणही सरले असते. या आक्षेपाचे उत्तर आम्ही स्वतःच आहोत, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. आमच्या मातोश्रींनी परक्यांच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला आणि आम्हांस पदवीपर्यंत पोहोचविले. कौतिकचे जे राहिले ते त्यांचे पुरे झाले. पुढे आम्ही अमरावतीस बिऱ्हाड केले, वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस टेसचे दुःख समजावून सांगितले. पण ती टेस कोण, हे आईला एकदाही सांगितले नाही. ती 'जेवला का?' विचारी, आम्ही 'हो' म्हणून पुन्हा पुस्तकात डोके घाली. तिला स्वतःला काय हवे होते, हे आम्ही कधी विचारले नाही, आणि आता विचारण्याची सोय राहिली नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : 'धग' वर्गात 'टेस'च्या शेजारी ठेवा. परीक्षेत वऱ्हाडी बोलीची वैशिष्ट्ये अवश्य विचारा. पण त्याआधी विद्यार्थ्यांस हे विचारा, की त्या घरात कौतिकला 'तुला काय पाहिजे?' असे कोणी विचारले काय? आणि उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वी आपणही आपल्या घरापुरते त्याचे उत्तर देऊन पाहावे.