रोज पिणाऱ्यांना चार आठवड्यांची मुदत

रोज संध्याकाळी ‘दोनच पेग’ घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षे रक्तदाब न मोजणाऱ्या प्रत्येकाला हा जाहीर इशारा आहे. यकृताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. धमन्या बिघडताना दुखत नाहीत.

धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आवळला की रक्ताची वाट अरुंद होते, सैलावला की रुंद. सैलावण्याचा निरोप धमनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइडमार्फत देते. दीर्घकाळच्या दारूने हे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते. स्नायूपेशींतले कॅल्शियम वाढते, अँजिओटेन्सिनसारखी संप्रेरके जोर धरतात. स्नायू आवळलेलाच राहतो, भिंत ताठर होते, रक्तदाब चढतो. त्यातूनच पक्षाघात होतो, हृदय आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

‘पिऊन मोजला, बीपी कमीच होता,’ ही पळवाट चालणार नाही. जास्त प्यायल्यावर पहिले काही तास दाब उतरतो आणि नंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, वर जातो. वाइनचीही सबब नको. फ्रेंच डॉक्टर कामिय लियाँ यांनी १९१५ मध्येच सैनिकांत वाइन आणि उच्च रक्तदाबाचा संबंध दाखवला होता. दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

आता अटी ऐका.

१. उद्या सकाळी रक्तदाब मोजून लिहून ठेवा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना गाठा.

२. पुढचे चार आठवडे एक थेंबही नाही. सणाला नाही, लग्नाला नाही, पार्टीलाही नाही. मग पुन्हा मोजा. पुष्कळांचा दाब एवढ्या काळात उतरू लागतो. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

३. रोज भरपूर पिणाऱ्यांनी, सकाळी हात थरथरणाऱ्यांनी घरच्या घरी एकदम सोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यांनी आजच रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जावे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

चार आठवडे निभावले नाहीत, तर ‘मी कधीही सोडू शकतो’ हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. ते व्यसन आहे, उपचार घ्या. तेही नाकारणार असाल, तर अंगाची एक बाजू लुळी पडल्यावर ‘आम्हाला कोणी सांगितले नव्हते’ असे म्हणू नका. आज सांगितले आहे.