इंटरकूलर मोठा, हवा गरमच

घनसावंगी तालुक्यात थार आणि स्कॉर्पिओ वाढल्या, तसा माझ्या दुकानात एक प्रश्न सारखा यायला लागला. "मामा, मोठ्यात मोठा इंटरकूलर बसवायचे किती घेता?" रेडिएटरची टाकी, एसीचा पाइप, ट्रकचा इंटरकूलर, ॲल्युमिनियमचं जे काही फुटतं ते मी आर्गनवर जोडतो, म्हणून मला विचारतात. टर्बोनं तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणं, हे इंटरकूलरचं काम. मी उलटा विचारतो: आत्ताचा किती थंड करतोय? गाडीवाल्याला हे माहीत नसणं मी समजू शकतो. विकणाऱ्यालाही माहीत नसतं, ते मला खटकतं. इंटरकूलर आज इंचांवर विकला जातो. तो चार आकड्यांवर विकला पाहिजे: आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि दाब, बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान आणि दाब.

हिशेब अवघड नाही. मे महिन्यातली दुपार, हवा ४० अंश. टर्बोनं ती एक किलो दाबाला दाबली, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या साधारण दुप्पट. टर्बोचा कॉम्प्रेसर सत्तर टक्के कार्यक्षम धरला, तर ही हवा १४० अंशांच्या आसपास तापून निघते. तापली की फुगते आणि सिलिंडरमध्ये कमी मावते. इंटरकूलर चांगला असेल तर तीच हवा सत्तरवर येते आणि जवळपास वीस टक्के जास्त मावते. कमाई ती एवढीच. आता बारीक, दाट जाळ्यांचा जाडजूड कोर, म्हणजे इंटरकूलरचा नळ्या-जाळ्यांचा गाभा, बसवला आणि हवा त्यातून घासत जाताना एक किलोचे आठशे ग्रॅम झाले, तर वीस टक्क्यांतले बारा तिथंच गेले. गमावलेला दाब भरून काढायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते. पोरं म्हणतात, "पिकअप वाढला." पैसे मोजल्यावर सगळ्यांनाच वाढल्यासारखा वाटतो.

म्हणून कोर निवडताना मी आधी तोंड बघतो, जाडी नंतर. वाऱ्याला समोरून जितकं क्षेत्र मिळेल तितकं चांगलं. जाडी वाढवली की मागच्या थरापर्यंत पोचणारा वारा आधीच तापलेला असतो, त्या थराला काम उरत नाही. शिवाय पुष्कळ गाड्यांत इंटरकूलरच्या मागं एसीचा कंडेन्सर आणि त्यामागं रेडिएटर असतो. पुढं भिंत उभी केली की मागचे दोघं उपाशी. अंबडच्या रस्त्यावर एसी लावून निघालात की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकतो, आणि मालक पाण्याचा पंप बदलून मोकळा होतो.

बांधणीतली खरी कारागिरी कोरच्या दोन टोकांच्या टाक्यांत असते, आणि तिच्याकडं कोणी बघत नाही, कारण ती बंपरच्या जाळीतून दिसत नाही. पाइप टाकीत ज्या कोपऱ्यात शिरतो तिथल्याच चार नळ्यांतून सगळी हवा पळाली, तर बाकीचा कोर नुसता ओझं. टाकी निमुळती ठेवली, तोंडाला गोलाई दिली, तर हवा शेवटच्या नळीपर्यंत जाते. कोर मात्र आमच्यासारख्यानं दुकानात करू नये. त्याचे पत्रे आणि जाळ्या भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास एकजीव होतात. पत्र्यावरचा सिलिकॉनवाला थर वितळतो, आतला पत्रा वितळत नाही. मधे फरक थोड्याच अंशांचा असतो, तो हातातल्या टॉर्चनं सांभाळायची गोष्ट नव्हे. कोर विकत आणावा, टाक्या, पाइप आणि ब्रॅकेट इथं करावेत. वेल्डिंगनंतर आतला कीस धुऊन काढलाच पाहिजे, नाहीतर तो सरळ इंजिनात जातो. मग पाण्याच्या हौदात बुडवून, चालत्या दाबापेक्षा थोडी जास्त हवा भरून बुडबुडे बघायचे. एवढं करायचा कंटाळा असेल, त्यानं हे काम घेऊ नये.

मागं 'टीसीआयसी' लिहिलेले टाटाचे ट्रक आपण रोज बघतो. त्यातलं 'आयसी' म्हणजे हाच इंटरकूलर. ऊसतोडीच्या हंगामात अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर पाचटाचा भुसा आणि धूळ त्या जाळीत अशी बसते की पलीकडचा उजेड दिसत नाही. आतून टर्बोच्या तेलाचा थर चढतो तो वेगळाच. अशा गाडीला नवा मोठा इंटरकूलर नको, धुणं हवं. हे सांगितलं की धंदा जातो, तरी सांगावं लागतं.

पाणी शिंपडायचं का, असंही विचारतात. कल्पना खुळी नाही, सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआयला त्यासाठी बटनच होतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर ते फार चांगलं चालेल, घरातला कूलर चालतो तसंच. पण बोअरच्या पाण्यानं कूलरच्या जाळीवर जे पांढरं धरतं, तेच इथंही धरणार. आरओचं पाणी इंटरकूलरला घालणारा मालक अजून मला भेटायचाय.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. रॅलीची गाडी असेल तर गोष्ट निराळी. रस्त्यावरच्या गाडीला मी मूळ मापाचाच बसवतो.

पण मूळ मापाचा तरी नीट चालतो का, हे कळायला मोजावं लागतंच, आणि त्यासाठी गाड्यांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयपर्यंत जायची गरज नाही. साखर कारखान्यात उसाचा रस आटवणाऱ्या प्रत्येक बॉडीचं, म्हणजे भांड्याचं, तापमान आणि दाब किंवा व्हॅक्यूम पाळीपाळीला वहीत लिहितात. नळ्यांवर थर चढला की आकडे सांगतात आणि सफाई होते. म्हणजे आमच्याच भागातल्या माणसांना ही शिस्त ठाऊक आहे, ती कारखान्याच्या गेटबाहेर आलेली नाही. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या आयसीटीचा, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, मराठवाडा कॅम्पस आहे, तिथं उष्णतेची देवाणघेवाण हा रोजचा विषय. आमच्या आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डर शिकतात. या दोघांनी मिळून तालुक्याला एक चाचणीचं टेबल उभं करावं आणि महिन्यातून एक दिवस आमच्यासारख्या दुकानदारांना खुलं ठेवावं. एक ब्लोअर, एक हीटर, चार थर्मोकपल, दोन गेज आणि वारा मारायला एक पंखा. रीडिंग घ्यायला आयटीआयची पोरं, आणि पावतीच्या मागं ते चार आकडे लिहून द्यायला मी तयार आहे.