घराचा पाया

"घर पाहावें बांधून" असें आपले वडीलधारे म्हणत आले; परंतु हल्लीं घर बांधणारा निराळा आणि त्यांत राहणारा निराळा, असा प्रकार झाला आहे. चाकणच्या परिसरांत औद्योगिक वसाहत वाढली, तसतशा कांद्याच्या शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. सल्ला विचारावयास येणारे तरुण आमच्यापाशीं फरशीचें व गच्चीवरील बागेचें कौतुक करितात. कागदपत्रांविषयीं विचारिलें म्हणजे "बँकेनें कर्ज दिलें, तेव्हां सर्व ठीकच असेल," एवढेंच उत्तर मिळतें. बँक आपल्या कर्जापुरतें पाहते. वीस वर्षांचे हप्ते मात्र या तरुणांस फेडावयाचे असतात.

याच चाकणचा संग्रामदुर्ग 1660 सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्तेखानाविरुद्ध सुमारें दोन महिने लढविला. अखेर घात झाला तो बुरुजाखालच्या सुरुंगानें. विकतच्या घराचाही घात बहुधा वरून दिसत नाहीं.

2016 च्या स्थावर संपदा कायद्यानें ग्राहकास बरेंच संरक्षण दिलें आहे. महाराष्ट्रांत 'महारेरा' हें प्राधिकरण 2017 पासून त्याचा अंमल पाहतें. नोंदणीस पात्र प्रकल्पाची नोंदणी झाल्यावांचून त्याची जाहिरातही करितां येत नाहीं. करारनामा नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे. ग्राहकांच्या पैशांपैकीं 70 टक्के स्वतंत्र खात्यांत ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावे लागतात. ठरल्या मुदतींत ताबा न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मागतां येतात. आणि ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामाचा दोष कळविल्यास विकासकानें तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.

परंतु कायदा दिवा दाखवील. पाहावें आपणच लागतें. मुंबईंत वरळीच्या कँपा कोला वसाहतींत मंजुरीपेक्षां अधिक मजले चढविले गेले. तेथें अनेक वर्षें संसार केलेल्या कुटुंबांवर न्यायालयाच्या निकालानंतर 2014 सालीं घराच्या किल्ल्या सोपविण्याची पाळी आली. त्यांनीं पैसे तर पुरतेच मोजले होते!

म्हणून आमचें सांगणें इतकेंच, कीं विसार देण्यापूर्वीं सातबारा, बिनशेती आदेश व मंजूर नकाशा एखाद्या जाणत्या वकिलास दाखवावा. किंमत चटई क्षेत्रावरून ताडून पाहावी. करारनामा घरांतील स्त्रियांनींही वाचावा. नळास पाणी येणार कीं टँकरवर भिस्त राहणार, हा प्रश्न त्याच प्रथम विचारतील. आणि वास्तुशांतीचा मुहूर्त पंचांगांत शोधण्यापूर्वीं भोगवटापत्र हातीं आलें आहे कीं नाहीं, तें पाहावें.