अंदाजपत्रकाचे पंडित

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तिचा खरा अर्थ आम्हांस उमगला तो माडीवर दोन खोल्या चढविताना. मिस्त्रीने सांगितलेला आकडा आम्ही भाबडेपणाने वहीत मांडला, आणि काम उरकले तेव्हा धाकट्याच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कमही त्यातच गेली होती. त्यानंतर एका डॅनिश प्राध्यापकांचे संशोधन आमच्या वाचनात आले. त्यांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे वाटते.

बेंट फ्ल्यूबियर्ग यांचा जन्म १९५२ साली झाला. त्यांचे शिक्षण डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात व अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झाले. त्यांच्या अभ्यासाचा विषय पूलबांधणी नव्हे. शहरांचा भूगोल व नगररचना हा होता. पुढे ऑलबोर विद्यापीठात असता त्यांनी त्याच शहराच्या वाहतूक-सुधारणेची योजना बारकाईने अभ्यासली आणि कागदावरील उत्तम योजना सत्तेच्या ओढाताणीत कशी वाकते, हे ग्रंथरूपाने दाखविले. २००९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात मोठ्या प्रकल्पांच्या व्यवस्थापनाचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ज्याने स्वतः पूल बांधला नाही, त्याने पूल बांधणारांस काय शिकवावे? ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर त्यांच्या २००२ सालच्या निबंधात आहे. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी २० देशांतील २५८ वाहतूक-कामांचे अंदाज व प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडले. दहांपैकी नऊ कामांत अंदाज कमी निघाला. खर्च सरासरीने रेल्वेत शेकडा ४५, पूल व बोगदे यांत ३४ आणि रस्त्यांत २० वाढला होता. शिवाय मागील सत्तर वर्षांत या चुकीत काहीच सुधारणा नव्हती! निव्वळ हिशेबाची चूक असती, तर ती कधी इकडे, कधी तिकडे झाली असती. सदैव एकाच बाजूस झुकणाऱ्या चुकीमागे भाबडी आशा असते, किंवा काम मंजूर व्हावे म्हणून मुद्दाम कमी सांगितलेला आकडा असतो.

यावर त्यांचा उपाय साधा आहे. आपले काम जगावेगळे आहे, हा भ्रम सोडावा. तशाच पुऱ्या झालेल्या कामांना प्रत्यक्षात किती लागले, हे आधी विचारावे आणि मग आपला आकडा ठरवावा.

यंदा आमच्या घरी मुंज होती. या वेळी आम्ही तीन आप्तांस त्यांचा बेत विचारला नाही. झालेला खर्च विचारला. तो आमच्या अंदाजाच्या दीडपट निघाला. आमंत्रणांची यादी आखडावी लागली, काकू दोन दिवस रुसल्या. पण वहीत कर्जाचे पान उघडावे लागले नाही.