मोठी बँक बुडू देत नाहीत, मग जोखीम जाते कुठं?

आज खत नाही, फवारणी नाही. आज बँकेचा विषय घेतोय. पीककर्जाचं नवं-जुनं करायची वेळ आली की पारावर हा विषय निघतोच आणि दोन बाजूंनी ओरड होते. एक म्हणतो, "शेतकऱ्याला माफी दिली की बोंब, उद्योगपतींना दिली की सगळे गप्प." दुसरा म्हणतो, "माफीनं सवय बिघडते." दोन्ही अर्धवट आहे. आकडे समोर ठेवून बघू.

2017 साल आठवा. एप्रिलमध्ये तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल म्हणाले की कर्जमाफीनं प्रामाणिकपणे कर्ज फेडायची शिस्त बिघडते. जूनमध्ये महाराष्ट्रात 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. आणि त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला केंद्रानं सरकारी बँकांसाठी 2 लाख 11 हजार कोटींच्या भांडवलाची योजना आणली. त्यातले 1 लाख 35 हजार कोटी खास रोख्यांतून. 2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत सरकारनं या बँकांत 3 लाख 10 हजार कोटींहून जास्त भांडवल घातलं.

हा खड्डा पडला कशानं? पीककर्ज हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. पोलाद, वीज, रस्ते अशा मोठ्या प्रकल्पांना तेजीच्या काळात वारेमाप कर्जं दिली गेली. ती अडकली, आणि बरीच वर्षं 'जुन्याचं नवं' करून झाकली गेली. शेवटी खरं दाखवायला लावल्यावर मार्च 2018 ला सरकारी बँकांचं थकीत कर्ज जवळपास 9 लाख कोटींवर गेलेलं दिसलं.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगतो, कारण मोबाईलवर उलटंसुलटं फिरतं. बँक वाचवणं म्हणजे कर्जदाराला माफी नव्हे. निर्लेखन म्हणजेही माफी नव्हे. बँक आपल्या ताळेबंदातून ते कर्ज काढते, पण वसुलीचा हक्क ठेवते. मात्र हेही खरं, की निर्लेखित कर्जातून हाती येतं ते थोडंच. जे येत नाही त्याची भरपाई कुणीतरी करतंच, आणि भांडवल सरकारचं असेल तर तो कुणीतरी म्हणजे आपण. ते रोखे बँकांनीच विकत घेतले, पण त्यांचं व्याज दरवर्षी सरकारी तिजोरीतून जातं. डिझेलवर, खतावर, कीटकनाशकावर आपण जो कर भरतो, तोही त्याच तिजोरीत जातो.

मग बँका वाचवायच्या नव्हत्या का? वाचवायलाच हव्या होत्या. उसाचं बिल, दुधाचा पगार, पीएम किसानचे दोन हजार, सगळं त्याच खात्यांत येतं. मोठी बँक आठ दिवस बंद राहिली तर बाजार समितीत सौदे थांबतील. म्हणून माझा आक्षेप वाचवण्याला नाही. वाचवल्यानंतर पुढच्या माणसानं त्यातून काय शिकायचं, हा माझा प्रश्न आहे.

कापूसवाल्यांना हे लगेच कळेल. बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, कडेनं रेफ्युजीच्या ओळी लावायला. बहुतेकांनी लावल्या नाहीत. ज्यानं लावल्या नाहीत त्याचा त्या वर्षी थोडा फायदाच झाला. पण गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडली तेव्हा लावणारा आणि न लावणारा दोघंही बुडाले. फायदा एकट्याचा, जोखीम शिवाराची. मोठ्या बँकेचं हेच होतं. जोखमीची कर्जं देऊन नफा झाला तर तो भागधारकांचा आणि साहेबांच्या बोनसचा. तोटा झाला तर सरकार आहेच. हे एकदा पक्कं झालं की जपून कर्ज देणारा बँकवालाच मूर्ख ठरतो.

आता लहान आणि मोठ्यातला फरक बघा. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी ही मुंबईची सहकारी बँक अडचणीत आली. तिचं 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडं होतं. ठेवीदारांना पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी मिळाली. मर्यादा पुढं वाढत गेली, पण बँकेचा निकाल लागायला जानेवारी 2022 उजाडलं. तेव्हा ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि 5 लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्यानं, 10 वर्षांपर्यंत मिळतील असं ठरलं.

येस बँकेवर 5 मार्च 2020 ला निर्बंध आले. मर्यादा 50,000 रुपयांची. स्टेट बँक आणि खासगी बँकांनी भांडवल घातलं आणि 18 मार्चला निर्बंध उठलेसुद्धा. तेरा दिवस! आणि रिझर्व्ह बँकेची 'बुडली तर सगळ्यांना धोका' अशा बँकांची यादी असते, त्यांना जास्तीचं भांडवल ठेवावं लागतं. येस बँक त्या यादीतही नव्हती.

कुणी म्हणेल, त्यात स्टेट बँकेला फायदाच झाला. झाला, खरंय. 10 रुपयांनी घेतलेल्या शेअरपैकी बराच हिस्सा 2025 मध्ये जपानच्या बँकेला 21.50 रुपयांनी विकला. पण एका वर्षी पाऊस वेळेवर पडला म्हणून विमा नको, असं आपण म्हणतो का? एक सुटका नफ्यात गेली म्हणून पुढची जाईलच असं नाही.

विम्याचंच घ्या. पीक विम्याच्या केंद्राच्या नियमात शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला 5 टक्के. ठेव विम्यासाठी बँका 100 रुपयांमागं वर्षाला 12 पैसे भरत आल्या, काटेकोर बँक असो की बेफिकीर, दर एकच. जोखमीनुसार दर ठेवायचं रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये जाहीर केलं, ते बरंच झालं. पण 5 लाखांच्या वर मोठ्या बँकेला सरकारची जी न लिहिलेली हमी मिळते, तिचा हप्ता कोण भरतं? कुणीच नाही. म्हणून ठेवीदार लहान बँकेतून पैसा काढून मोठीत टाकतो. त्याचं चूक नाही. पण त्यानं मोठी आणखी मोठी होते, तिला बुडू देणं आणखी अवघड होतं, आणि गावातल्या माणसाला नावानं ओळखून कर्ज देणारी लहान बँक सुकत जाते.

माझं म्हणणं तीन ओळींत. ठेवीदाराला वाचवा, पण मालक आणि कारभारी यांना आधी झळ बसू द्या. कुणी किती तोटा सोसायचा हे संकटाआधी लिहून ठेवा. एका समूहाला किती कर्ज द्यायचं याची मर्यादा कागदावर आहे, ती शाखेपासून मुख्यालयापर्यंत खरोखर तपासा. आणि तेरा दिवसांचा न्याय सहकारी बँकेच्या ठेवीदारालाही लावा. 2021 च्या दुरुस्तीनं निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायची तरतूद झाली, पण ती 5 लाखांपर्यंतच.

तोवर आपण काय करायचं? भूसंपादनाचा मोबदला किंवा जमीन विक्रीचा पैसा एकाच बँकेत एकाच नावावर ठेवू नका. 5 लाखांचं संरक्षण एका माणसाला एका बँकेत मिळतं. सगळ्या शाखा मिळून, व्याज धरून. नवरा आणि बायको यांची वेगवेगळ्या नावाची खाती वेगळी धरतात. जिल्हा मध्यवर्ती बँकेला हा विमा आहे. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आणि गावची विकास सोसायटी यांना नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजाच्या पाटीकडं बघण्याआधी दारात ठेव विम्याचा फलक आहे का ते बघा, नसेल तर मॅनेजरला तोंडावर विचारा.

आणि पुढच्या वेळी कुणी शेतकऱ्याला कर्जशिस्त शिकवायला आला, तर त्याचं ऐकून घ्या. शिस्त हवीच. फक्त तीच शिस्त हजार कोटीवाल्याला कुणी शिकवली, एवढं विचारायला विसरू नका.